एक घंटा दगडाची

मी माणसांना जड करते आणि हलकं करते. नोकरीच ती आहे.

आमच्या खाणीत खाली जायला एक खोल उभी विहीर आहे, तिला शाफ्ट म्हणतात. तिच्यात दोराला टांगलेला लोखंडी पिंजरा वरखाली होतो. सकाळी माणसं खाली जातात, दिवसभर दगड वर येतो, पाळी सुटली की माणसं वर येतात. तो दोर गुंडाळणारं यंत्र अंगणापलीकडच्या इंजिनघरात आहे आणि त्याच्या दांड्यावर माझा हात असतो. मला पिंजरा दिसत नाही. समोर मोठी तबकडी, तिच्यावर काटा, आणि डोक्यावर घंटा. खालून तीन घंटा आल्या तर पिंजऱ्यात माणसं आहेत, तेव्हा दांडा अगदी हळूहळू ओढायचा. एक घंटा आली तर दगड आहे, तेव्हा दांडा खसकन ओढायचा आणि मोकळं व्हायचं. आलेली घंटा मी जशीच्या तशी परत वाजवते, म्हणजे खालच्याला चूक सुधारायला क्षणभर मिळतो. दुरुस्ती आली नाही की पिंजरा निघतो. एवढाच सगळा कारभार.

या एवढ्याशा कारभारात माझ्या बाबांची पाठ मोडली.

मी तेव्हा शाळेत होते. बाबा खाली पंपावर काम करायचे. पंपाची बिघडलेली झडप दुरुस्तीला वर आणायची होती. चांगली वजनदार, ओतीव लोखंडाची झडप. ती खांद्यावर घेऊन ते पिंजऱ्यात उभे राहिले. सोबत आणखी चारजण आणि मुकादम. या मुकादमाला सगळ्याचीच घाई. बोलणं भराभर, चालणं भराभर, जेवतानासुद्धा कोणी मागे लागल्यासारखा. प्रत्येक वाक्याआधी ‘चटकन’ म्हणायचा, म्हणून लोक त्याला पाठीमागे चटकनराव म्हणत. तीन घंटांचा पिंजरा संथ चालतो, तेवढा दम त्याला कुठला. त्याने एकच घंटा दिली. दिवसाची वेळ, दगड वर येत होता, इंजिनघरातल्या उस्तादांना वाटलं दगडच आहे. त्यांनी दांडा ओढला. पाचजण कोलमडले आणि उठले. बाबा उठले नाहीत.

चौकशी झाली. मुकादमाने तोंड वर करून सांगितलं की त्याने तीनच घंटा दिल्या होत्या. उस्ताद म्हणाले एक आली. पिंजऱ्यातल्या चौघांना विचारलं, तर चौघांच्याही तोंडाला कुलूप. कोणाला कुठे कामाला लावायचं ते मुकादम ठरवायचा, उद्या कोणाला गुडघाभर पाण्यात उभं करील याचा नेम नव्हता. मग ती झडप तोलली. चाळीस किलो भरली. तेव्हा मुकादमाने जे वाक्य टाकलं ते मला पाठ आहे, कारण पुढे आमच्या गल्लीतली पोरंसुद्धा ते म्हणून दाखवायची. “चाळीस किलो म्हणजे चाळीस किलो. जमिनीवर चाळीस, पिंजऱ्यात चाळीस. तेवढ्याने धडधाकट माणसाची पाठ मोडत नाही. आधीचीच मोडकी असणार, किंवा सोंग असणार.”

चौकशीवाल्यांना ते पटलं. उस्तादांच्या नावावर निष्काळजीपणा लागला आणि बाबांच्या नावावर सोंग. जो माणूस आजारी पडला तरी कामावर जायचा, त्याला लोक हसत हसत विचारायचे, काय मग, उठायचा विचार आहे का. कंबरेखाली त्यांना काही कळत नव्हतं. ऐकू मात्र सगळं यायचं.

मला त्या माणसाचा जीव नको होता. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं की घंटा एकच दिली होती. चार लोकांसमोर, आणि त्यातला एक तरी त्याच्या मुठीबाहेरचा. त्यासाठी मी खाणीत नोकरी धरली. आई म्हणाली, त्या विवराचं तोंडही बघू नकोस. मी बघितलं, आणि थेट इंजिनघरात जाऊन उभी राहिले.

उस्तादांनी मला ओळखलं. आधी हाकलून दिलं. मी दुसऱ्या दिवशी परत गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. शेवटी त्यांनी दवाखान्यातला वजनकाटा मागवला, तो पिंजऱ्याच्या तळावर ठेवला आणि मला त्यावर उभं केलं. सोबत पिंजरेवाले काका होते. पिंजऱ्याचं दार आणि घंटा सांभाळणं हे त्यांचं काम, आणि बाबांच्या वेळी गप्प बसलेल्या चौघांतले ते एक. उस्ताद म्हणाले, बाकी काही करू नकोस, फक्त काट्याकडे बघ.

उभी होते तेव्हा माझं वजन पन्नास होतं. तीन घंटांवर पिंजरा वर निघाला तेव्हा काटा पंचावन्नाला टेकला आणि वेग एकसारखा झाल्यावर पुन्हा पन्नासावर आला. मग पुन्हा खाली नेऊन काकांनी एक घंटा दिली. पायाखालचा तळ अंगावर आला. काटा पाऊणशेच्या पुढे पळाला, माझी हनुवटी छातीला लागली, हाताची बोटंसुद्धा जड झाली. वर थांबताना उलटंच झालं. काटा पंचविशीवर घसरला आणि पोट गळ्याशी आलं. जेवण तेच, हाडं तीच, आणि एवढ्यातच मी दीड माणूस झाले नि मग अर्धी झाले.

उस्तादांनी समजावलं ते सोपं होतं. आपलं वजन आपल्याला कळतं ते तळ आपल्याला वर रेटतो म्हणून. पिंजरा एकदम वेग घेतो तेव्हा तळ जास्त रेटतो, अंगावरचं ओझंही तेवढ्याच पटीने वाढतं. वेग टिकला की सगळं पूर्वीसारखं. “तुझ्या बाबाच्या खांद्यावर त्या वेळी साठाच्या वर होते,” ते म्हणाले, “आणि वर त्याचं स्वतःचं अंग दीडपट. मी ओढलं. पण मी एक घंटा ऐकली होती, पोरी. मरेपर्यंत हेच सांगीन.” सांगितलंही मरेपर्यंत. ऐकलं कोणीच नाही. त्यांच्यानंतर दांडा माझ्याकडे आला.

घरी बाबांना उचलण्याचं कामही माझ्याचकडे. आईच्या कंबरेने कधीच हात टेकले. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. पहिल्यांदा मी त्यांना झटक्यात उचललं तेव्हा ते कळवळले. त्यानंतर त्यांनीच पद्धत पाडली. तयार झाले की पलंगाच्या लोखंडी दांडीवर बोटाने तीनदा टकटक करायचे. मी तीनदा परत टकटक करायची. मग सावकाश उचलायचं. एकदा मी त्यांना उचलूनच वजनकाट्यावर उभी राहिले आणि त्यातून माझं वजन वजा केलं. चाळीस आलं. मी ते त्यांना सांगितलं नाही.

मुकादम इकडे वर चढत चढत मॅनेजर झाला. चटकनरावाचा चटकनसाहेब झाला. पोट सुटलं, आवाज चढला, सवय तीच राहिली. खालून वर येताना पिंजरेवाल्याला बाजूला सारून घंटेची दोरी स्वतः खेचायचा, आणि एकदाच. बाबांचं झाल्यापासून इंजिनघरातल्या प्रत्येकाने एक गोष्ट मनाशी धरली होती. साहेब खाली गेला असेल आणि एक घंटा आली, तर ती तीन समजायची. त्याची चूक आम्ही आमच्या मनगटात जिरवायचो. मीसुद्धा जिरवली, कितीतरी वेळा. त्याला संथ वर आणायची, आणि तो माझ्या दारावरून जाताना म्हणायचा, बाई, हात जरा चटकन चालू द्या. एकदा तर विचारलं, वडील उठले का. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, सवय लागते हो झोपायची.

ओढायला मी तेव्हाही ओढू शकले असते. पण वर येऊन तो म्हणाला असता की तीन दिल्या, आणि मी झाले असते दुसरी उस्ताद. मला बाहेरचं माणूस हवं होतं. पिंजरेवाले काका एकदा चहा घेताना म्हणाले की त्या वेळी गप्प बसलो ते घशात अडकलेल्या काट्यासारखं सलतं. मी म्हटलं, काका, सलतंय ना, मग एक काम करा. ज्या दिवशी साहेबासोबत बाहेरचं कोणी असेल, त्या दिवशी पिंजऱ्यातली दांडी स्वतः धरा, गुडघे सैल ठेवा, हातात काही घेऊ नका, आणि त्या बाहेरच्यालाही तेच सांगा. साहेबाला काही सांगू नका. काकांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाले, ठीक आहे.

सरकारच्या खाण-तपासनीस बाई आल्या त्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. सडपातळ, पिकल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. साहेब त्यांच्याभोवती नुसता पिंगा घालत होता. मी दोघांना खाली सोडलं ते अगदी अलगद. तीन घंटा काकांनी दिल्या होत्या. खाली जाताना सुरुवातीला अंग जरा हलकं होतं, तेवढंच त्यांना जाणवलं असेल. साहेबाला मी अगदी पाहुण्यासारखं पोचवलं.

मग वाट पाहिली. दगडाच्या खेपा येत होत्या, एक घंटा, परत एक, दांडा, काटा. मध्येच घंटा थांबल्या. आता खाली ते पिंजऱ्यात शिरत असणार. आत हात काय करेल ते मलाही माहीत नव्हतं असं म्हणायला छान वाटलं असतं, पण ते खोटं आहे. मला पक्कं माहीत होतं.

एक घंटा आली.

आखूड, अर्धवट, घाईची. काका अशी वाजवत नाहीत. मी ती परत वाजवली, ठणठणीत, कोणालाही मोजता येईल अशी. मग नियमाप्रमाणे थांबले. दोन घंटा आणखी वाजवायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्तच थांबले. त्याला फक्त दोरीला हात लावायचा होता. त्याने लावला नाही. मी दांडा ओढला, दगडाला ओढतात तसा, राखून काही ठेवलं नाही. तबकडीवरचा काटा उसळला आणि माझ्या अंगात एक गोड कळ गेली. ते मी लपवणार नाही. वर पोचल्यावर थांबवलंही दगडासारखंच. आधी त्याला जड केलं, मग हलकं केलं.

आत काय झालं ते काकांनी नंतर साग्रसंगीत सांगितलं, आणि मी ते त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं. साहेब मधोमध उभा होता, हात मागे बांधलेले, बाईंना खाणीची थोरवी ऐकवत. पिंजरा निघाला तसं त्याचं वाक्य तुटलं. गाल खाली ओढले गेले, गुडघे दुमडले आणि अख्खा साहेब स्वतःच्याच वजनाखाली लोखंडावर बसला. उठायचा प्रयत्न केला तर आपलाच हात त्याला उचलेना. पिंजरा एकसारख्या वेगात आल्यावर कसाबसा उभा राहिला, तेवढ्यात वर थांबताना पाय तळावरून सुटल्यासारखे झाले आणि तो दारावर जाऊन आपटला. काका आणि बाई दांडी धरून, गुडघे सैल सोडून उभे होते.

तो इंजिनघरात आला तो दोघांच्या खांद्यावर हात टाकून. ओठातून रक्त, एक गुडघा टोमॅटोसारखा सुजलेला. मागे बाई, काका, आणि अंगणातली पाचपंचवीस माणसं. मी दांड्याला कुलूप घालून उभी राहिले. त्याने मला जे काही म्हटलं त्यातलं बरंचसं सांगण्यासारखं नाही. माणसं आहेत हे कळत नाही का, डोळे फुटले का, मारायला निघालीस का.

मी म्हटलं, “साहेब, घंटा एक आली. एक म्हणजे दगड.”

“एकच दिली होती. रोज एकच देतो मी,” तो ओरडला. “मुकादम होतो तेव्हापासून एकच देतोय. बाकी सगळ्यांना कळतं, तुला एकटीला कळत नाही?”

आपण काय बोलून बसलो ते त्याच्या उशिरा लक्षात आलं. काही करण्याआधी एकदा थांबायची सवय त्याला असती, तर बाबा आज चालत असते.

तपासनीस बाईंनी शांतपणे विचारलं, मुकादम होता तेव्हापासून म्हणजे कधीपासून. तो म्हणाला तसं नव्हतं म्हणायचं. मग बाई काकांकडे वळल्या आणि म्हणाल्या की पिंजऱ्यात शिरताना तुम्ही मला गुडघे सैल ठेवा म्हणालात, ते का. काकांची मान खाली होती. ती त्यांनी वर केली. “कारण साहेब घंटा देणार होते. मागे यांनी अशीच एक दिली तेव्हा मी पिंजऱ्यात होतो. या पोरीचा बाप माझ्या शेजारी पडला. मी गप्प बसलो.” मग त्यांनी सगळं सांगितलं, झडपेपासून सोंगापर्यंत.

साहेबाने हात झटकला. म्हणाला, जुनं कशाला उकरता, तेव्हाच सिद्ध झालंय, चाळीस किलोने पाठ मोडत नसते.

मी याच वाक्याची वाट बघत होते. ती झडप अजून कोठाराच्या भिंतीशी गंजत पडलेली आहे, रोज येताजाता मी तिच्याकडे बघते. काकांनी आणि आणखी एकाने ती उचलून आणली आणि साहेबाच्या पायाशी ठेवली. मी म्हटलं, “चाळीस किलो आहे साहेब. जमिनीवर चाळीस, पिंजऱ्यात चाळीस. ही खांद्यावर घ्या, पिंजऱ्यात उभे राहा आणि एक घंटा द्या. मी ओढते.”

गुडघा दुखतोय, तो म्हणाला. बाई म्हणाल्या, गुडघा बरा झाल्यावर घ्या, आम्ही थांबू. त्याने झडपेकडे पाहिलं. मग दारातून पलीकडे पिंजऱ्याकडे पाहिलं. त्याचा हात आपोआप पाठीवर, कंबरेच्या वर, बाबांची मोडली नेमका त्याच जागी गेला. “नाही,” तो म्हणाला. आवाज असा, की मागच्यांनी एकमेकांना विचारलं काय म्हणाला. मी मोठ्याने सांगितलं, साहेब नाही म्हणतात. तो इंजिनघराच्या पायरीवर बसला आणि कोणीही त्याला उठायला हात दिला नाही. मला कीव येईल असं वाटलं होतं. नाही आली.

बाईंनी जाताना सांगितलं की जुनी चौकशी पुन्हा उघडेल, घंटेला साहेबाने हात लावायचा नाही, आणि बाबांचं म्हणणं घ्यायला त्या स्वतः घरी येतील. मलाही सोडलं नाही. म्हणाल्या, आत माणसं आहेत हे तुम्हाला माहीत होतं. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, त्याचंही उत्तर द्यावं लागेल. मी म्हटलं, देईन.

घरी गेले तेव्हा बाबा खिडकीकडे तोंड करून पडले होते. मी चपलाही न काढता सगळं सांगितलं. मध्ये त्यांनी दोनदा थांबवलं. एकदा विचारलं, आधी कुठला गुडघा टेकला. मी म्हटलं, दोन्ही एकदमच. दुसऱ्यांदा म्हणाले, त्याचं ते वाक्य परत सांग, एकच दिली होती वालं. मी परत सांगितलं, साहेबाच्या आवाजात. मग आणखी एकदा सांगितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत गेलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. आई दारात उभी होती. ती म्हणाली, आता गल्लीतल्या एकेकाला धरून सांगते.

खुर्चीत बसायची वेळ झाली होती. मी त्यांच्या काखेखाली हात घातला. त्यांनी पलंगाच्या दांडीवर बोट टेकवलं आणि टकटक केलं. एकदाच.

मी बघितलं तर म्हातारा हसत होता. इतक्या वर्षांत मी ते हसू पाहिलं नव्हतं. मी परत टकटक केलं नाही, हातही हलवला नाही.

“काय झालं?” ते म्हणाले. “दिली की घंटा.”

“दोन राहिल्यात, बाबा.”

“मग त्याच्या वेळी का नाही थांबलीस?”

“थांबले होते,” मी म्हटलं. “त्याने दिल्या नाहीत.”

“दिल्या असत्या तर?”

खोटं बोलायचं तर या माणसाशी नको, असं वाटलं. म्हटलं, “तरीही ओढलं असतं.”

बाबांचं हसू गेलं. ते माझ्या हाताकडे बघत राहिले, ज्याच्यावर आता त्यांचं सगळं वजन यायचं होतं. मग त्यांनी दांडीवर राहिलेल्या दोन टकटक दिल्या, एकेक करून, नीट ऐकू येतील अशा. मी तीन परत दिल्या आणि त्यांना सावकाश उचललं.